अँब्रोजचा कोट

रॉडनी पिकरिल आपला रेनकोट बसमध्ये विसरला, आणि हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा बस त्याला उतरवून मार्केट ऑल्डरिंग गावचा दगडी पूल ओलांडून पलीकडच्या चढाला लागली होती. मार्च महिना होता. वेल्सच्या डोंगरांवरून येणारा वारा रॉडनीच्या पातळ स्वेटरमधून आरपार जात होता. परतीची बस चार वाजून दहा मिनिटांनी होती, आणि आत्ता कुठे एक वाजला होता.

रॉडनी कॉव्हेंट्रीचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढून तो निवृत्त झाला आणि तेव्हापासून दर महिन्याला एक जुनं बाजारगाव बघायचं, असा त्याने नेम धरला होता. चर्च बघायचं, बाजारघर बघायचं, एक 'पाय', म्हणजे मांस भरून भाजलेली पेस्ट्री, खायचा आणि उजेडात घरी परतायचं. गावाने आपल्यासाठी काही करावं अशी त्याची अपेक्षा नसे. फक्त गावाने आपल्याकडे बघू नये, एवढंच त्याला हवं असे. मुळात कुणाचीही चूक दुरुस्त करणं त्याच्या जिवावर यायचं. त्याचा शेजारी गेली अकरा वर्षं त्याला 'रोनाल्ड' म्हणत होता, आणि रॉडनी नाताळच्या कार्डावर त्याला 'तुमचा, रोनाल्ड' अशी सही करून देत होता.

पुलाच्या कोपऱ्यावर जुन्या कपड्यांचं धर्मादाय दुकान होतं. आत शिरल्यावर रॉडनीला पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथल्या उबेनं.

"तुमच्या मापाचा हा एकच आहे," दुकानातल्या बाई म्हणाल्या. त्या शेजारच्या खेड्यातून आठवड्यातून एकदा विनामोबदला काम करायला येत. "आजच आलाय. सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर कुणीतरी पिशवी ठेवून गेलेलं. हात लावून बघा, केवढा जाड आहे."

"जरा भडक वाटतोय का?"

"आतला दिवा तसा आहे. बाहेर उजेडात शोभून दिसेल. थंडी आहे, घालूनच जा."

बाहेर उजेडात तो कोट कस्टर्डसारखा पिवळाधमक दिसला. त्यावर जांभळ्या चौकड्या होत्या. सगळी बटणं तपकिरी आणि डाव्या बाहीवरचं एकच बटण काळं, तेही चहाच्या बशीएवढं. पण कोट ऊबदार होता. शिवाय या गावात आपल्याला ओळखतंय कोण, असा विचार करून रॉडनीने कॉलर वर केली आणि तो बाजाराकडे चालू लागला.

गावात ओळखत कुणी नव्हतं, हे खरं होतं. कोटाला मात्र सगळे ओळखत होते.

जुनं बाजारघर दगडी खांबांवर उभं होतं आणि त्याच्या खाली, खांबांच्या मधे, स्प्रॅग नावाच्या चीजवाल्याचं दुकान मांडलेलं होतं. रॉडनी खांबावरची नक्षी बघायला थांबला. स्प्रॅग खाली वाकून पेटी उघडत होता. त्याला फक्त बाही दिसली.

"आलास? तुझं नेहमीचं काढून ठेवलंय," असं म्हणत त्याने निळ्या चीजचा एक भलामोठा तुकडा रॉडनीसमोर आपटला. त्या चीजचा वास असा होता की शेजारच्या फुलवालीने आपला गाडा चार हात लांब नेऊन लावला होता.

"माझं नेहमीचं असं काही नाही," रॉडनी म्हणाला.

स्प्रॅग उभा राहिला. त्याने कोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा कोटाकडे.

"हा अँब्रोजचा कोट आहे."

"असेल. मी जरा..."

"असेल काय, आहेच! बारा वर्षं बघतोय. हे काळं बटण माझ्या बायकोने लावून दिलंय. आणि अँब्रोज टकवेल याच जागी उभा राहून मला म्हणाला होता, 'स्प्रॅग, हा कोट माझ्या अंगावरून उतरेल तो मी मेल्यावरच.'"

बोलता बोलता स्प्रॅगला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. त्याने हातातली सुरी हळूच खाली ठेवली.

"मंगळवारी श्रूजबरीला ऑपरेशनला गेला तो," स्प्रॅग म्हणाला. "कसलं, ते कुणाला सांगायला तयार नव्हता. म्हणजे... तो...?"

इथे दुसरा कुणी असता तर 'बाबा रे, कोट मी आत्ता दुकानातून घेतला' असं सांगून मोकळा झाला असता. पण आपण दुसऱ्याचे टाकलेले कपडे घालून हिंडतोय, हे भर बाजारात सांगायची रॉडनीला लाज वाटली. आणि समोरच्या माणसाचा चेहरा असा पडलेला दिसला की त्याच्या तोंडून एकच शब्द निघत असे.

"सॉरी," रॉडनी म्हणाला.

आमच्या इंग्लंडात हा शब्द म्हणजे घरातली जुनी चादर. अंथरायलाही तीच, पांघरायलाही तीच. कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच सॉरी म्हणतो. रॉडनीच्या म्हणण्याचा अर्थ होता, 'मला काही ठाऊक नाही, मला जाऊ द्या.' स्प्रॅगने मात्र डोक्यावरची पांढरी टोपी काढली.

"कधी?" त्याने विचारलं.

कोट कधी मिळाला असं तो विचारतोय, अशी रॉडनीची समजूत झाली. "आत्ताच. दहा मिनिटं झाली असतील."

"दहा मिनिटं! आणि हा तिनेच दिला तुम्हाला?"

"हो, एका बाईंनीच दिला. फार चांगल्या होत्या. म्हणाल्या, थंडी आहे, घालूनच जा."

"हेटीचा स्वभावच तसा," स्प्रॅग गहिवरून म्हणाला. "नवरा जाऊन दहा मिनिटं झाली नाहीत तर दुसऱ्याच्या थंडीची काळजी. म्हणजे तुम्ही त्याचे भाऊच ना? ब्लॅकपूलचे?"

"नाही, नाही. मी कॉव्हेंट्रीला राहतो."

"अच्छा. ब्लॅकपूल सोडलंत," स्प्रॅग म्हणाला आणि चीजचा पुडा त्याच्या खिशात कोंबला. "घ्या. त्याचं शेवटचं. तुम्हीच खा."

स्प्रॅगने टकवेलच्या घरी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तो व्यस्त लागला. "नातेवाइकांना कळवतेय बिचारी," असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला, आणि मग तो बाजारघराच्या कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेला.

त्या कपाटात बाजाराची घंटा असे. अँब्रोज टकवेल एकतीस वर्षं ती घंटा वाजवत आला होता, सकाळी नऊला बाजार उघडायला आणि दुपारी चारला बंद करायला. त्याबद्दल त्याला काही मिळत नव्हतं, फक्त मान होता. त्यातली वीस वर्षं स्प्रॅगचा त्या घंटेवर डोळा होता. श्रूजबरीला जाताना अँब्रोज सगळ्यांना बजावून गेला होता की मी येईपर्यंत घंटेला कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे त्या सकाळी घंटा वाजलीच नव्हती. स्प्रॅगचं दुःख खोटं नव्हतं, पण त्या दुःखाच्या पोटात एक घंटा होती. "चार वाजता कुणीतरी वाजवायलाच हवी," असं पुटपुटत त्याने ती उचलली.

स्प्रॅगच्या हातात घंटा दिसल्यावर बाजाराला आणखी पुरावा लागला नाही. अँब्रोज जिवंत असता तर ती स्प्रॅगच्या हाती लागली नसती, हे गावातल्या पोरालाही कळत होतं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. बाजारघरावरचा झेंडा कुणीतरी अर्ध्यावर उतरवला.

रॉडनी तोवर कसाईगल्लीत पोचला होता. त्या गल्लीतली लाकडी घरं पाचशे वर्षांत इतकी वाकली होती की समोरासमोरच्या माड्या एकमेकींच्या कानात काही सांगताहेत असं वाटे. तो मान वर करून बघत होता. दोन म्हाताऱ्या बाया त्याच्यासमोर येऊन थांबल्या. एकीने त्याचा हात हातात घेतला.

"आलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "उशिरा का होईना, आलात. आता ते हातगाडीचं मनातून काढून टाका."

"कुठल्या हातगाडीचं?"

"बघ गं, विसरलेसुद्धा!" ती दुसरीला म्हणाली. "याला म्हणतात मोठं मन. तीस वर्षं सख्ख्या भावाशी अबोला, एका हातगाडीपायी."

"आणि हातगाडी तुमचीच होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं," दुसरी म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

रॉडनी तिच्या पाठीमागे 'सॉरी' म्हणाला. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय!

पुढच्या वळणावर पब होता. मालकीण दारातच उभी होती. डिलिस तिचं नाव, बाई पैलवानासारखी. तिने रॉडनीला काही बोलू न देता दंडाला धरून आत नेलं, शेकोटीशेजारी बसवलं आणि पुढ्यात वाफाळता 'पाय' आणून ठेवला. मग वही काढून विचारलं, "सँडविच कसली? हॅमची की अंड्याची?"

"हॅमची चालतील."

"किती?"

"एकच पुरे."

"एकच?" डिलिस कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "साठ माणसं तरी येतील. त्याला नावं ठेवणारी चाळीस, ती तर आधी येतील. खायला कमी पडलं तर अँब्रोज वर बसून हसेल. मी दीडशे करते."

तेव्हा कुठे रॉडनीच्या डोक्यात उजेड पडला, पण अर्धाच. अँब्रोज टकवेल नावाचा कुणी गृहस्थ आज वारला आहे, हे त्याला कळलं. झेंडा त्याने येताना पाहिलाच होता. गाव रडतंय म्हणजे माणूस गेलाच असणार. ही बातमी आपल्याच एका शब्दातून निघाली आहे, हे मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की आपण एका ताज्या मेलेल्या माणसाचा कोट घालून त्याच्याच गावात 'पाय' खातोय. त्याने ताटली बाजूला सारली. आजूबाजूला लोक अँब्रोजच्या आठवणी काढत होते. एकाचं तोंड कधी गोड बोलायला उघडलं नव्हतं म्हणे, पण तोसुद्धा म्हणत होता, "वेळेचा पक्का. वाईट होता, पण वेळेवर."

कोट परत करायचा, असं रॉडनीने ठरवलं. पण विधवेच्या दारात जाऊन 'हा घ्या तुमच्या यजमानांचा कोट' असं कोणत्या तोंडाने म्हणणार? आधी कुणातरी शांत माणसाला खरं सांगावं म्हणून तो चर्चमध्ये गेला. मार्केट ऑल्डरिंगच्या चर्चच्या पाद्री एक बाई होत्या. जोसलिनबाई, शांत, उंच, गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट घातलेल्या. त्या वेदीवरची फुलं बदलत होत्या.

"मला कबुली द्यायची आहे," रॉडनी म्हणाला. "मी भाऊ नाही. मी कुणीच नाही. गाव बघायला आलो होतो. हा कोट मी पुलाजवळच्या दुकानातून घेतलाय."

दिवसभरात त्याने उच्चारलेली ही पहिली स्पष्ट वाक्यं. आता सगळं निस्तरेल, अशी त्याला आशा वाटली.

जोसलिनबाईंच्या हातातला डॅफोडिल गळून पडला. "दुकानातून? म्हणजे तो जाऊन तास उलटला नाही आणि हेटीने त्याचे कपडेसुद्धा घराबाहेर काढले?"

"सकाळीच, बहुतेक. दुकान उघडायच्या आधी."

"आधी?" बाईंचा आवाज अगदी खाली गेला. "म्हणजे तो जायच्या आधीच?" त्यांनी पडलेलं फूल उचलून वेदीवर ठेवलं. "दुःखाने माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तिला एकटं ठेवून चालणार नाही. चला. तुम्हीही चला, कोट तुमच्याच अंगावर आहे."

वाटेत स्प्रॅग सामील झाला. घंटा खाली ठेवायला त्याचं मन होत नव्हतं, त्यामुळे त्याच्या प्रत्येक पावलाला ती 'ठण' करी. मग सँडविचचं पहिलं ताट घेऊन डिलिस आली. अशी ही वरात पावणेतीनला नदीकाठच्या टकवेलच्या घरी पोचली.

दार हेटी टकवेलने उघडलं. सत्तरीची, ठेंगणी, तरतरीत बाई, हातात पीठ. आधी तिला पाद्रीबाई दिसल्या, मग स्प्रॅग, मग डिलिस. ती हसणार एवढ्यात तिला सगळ्यांच्या मागे रॉडनीच्या अंगावरचा कोट दिसला आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"अगं बाई," ती म्हणाली. "इतक्यात कळलं?"

"अशा गोष्टी लपत नाहीत, हेटी," जोसलिनबाई मऊ आवाजात म्हणाल्या.

"मला वाटलं होतं, आठवडाभर तरी कुणाला पत्ता लागणार नाही."

घंटा तेवढी एकदा 'ठण' झाली.

"आत या, बाहेर तमाशा नको," हेटीने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत घेतलं. "तुम्हाला वाटत असेल, काय निर्दय बाई आहे. पण बारा वर्षं सोसलं मी. चारचौघांत बरोबर घेऊन जायची लाज वाटायची. पावसात भिजला की ओल्या कुत्र्यासारखा वास. किती वेळा म्हटलं, आता पुरे, पण माझं ऐकतो कोण? मंगळवारी संधी मिळाली. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही."

"हेटी," डिलिस ताट घट्ट धरून म्हणाली, "वकिलाशिवाय पुढे बोलू नकोस."

"वकील कशाला? हातासरशी उरकून टाकलं. पिशवीत काही मावेना. हात बाहेर लोंबत होते. शेवटी गुडघ्याने दाबलं आणि वरून दोरी आवळली."

स्प्रॅग पांढराफटक पडला. तो मागच्या मागे खुर्चीत बसला. "आणि... आणि अँब्रोज?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"त्याचीच तर भीती आहे! त्याला काय सांगायचं ते अजून सुचलं नाही. तीन वाजता येतोय तो."

"कोण?"

"अँब्रोज. टॅक्सीने. मघाशी अर्धा तास फोनवर हेच बोलत होते त्याच्या बहिणीशी. तुम्ही असे काय बघताय सगळे?"

पाद्रीबाई बसल्या. त्यांच्या आधीच डिलिस बसली होती, ताटासकट.

"पण तो गेला ना?" स्प्रॅग म्हणाला.

"गेला होता. मंगळवारी. आज परत येतोय. मोतीबिंदू काढून कुणी तिथेच राहतं का?"

"मोतीबिंदू!"

"डाव्या डोळ्याचा. कुणाला सांगू नको म्हणाला होता. मला कमी दिसतं हे कळलं तर स्प्रॅग घंटा मागेल म्हणे." असं म्हणताना हेटीची नजर स्प्रॅगच्या मांडीवरच्या घंटेवर गेली. स्प्रॅगने ती टोपीने झाकली.

मग एकेक धागा सुटत गेला. कुणी काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, ते मागे मागे जात शेवटी रॉडनीच्या 'सॉरी'वर येऊन थांबलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा तेच म्हणणार होता, पण डिलिसने बोट वर करून त्याला थांबवलं. "एक शब्द बोलू नका," ती म्हणाली. "दीडशे सँडविच झालीत."

"म्हणजे पिशवीत कोट भरला होता," जोसलिनबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि कपाळावरचा घाम पुसू लागल्या.

"मग दुसरं काय भरणार?" हेटी म्हणाली. मग तिला कळलं, आणि तिने पिठाचा हात तोंडावर ठेवला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला.

"काढा!" हेटी रॉडनीवर झेपावली. "आधी तो काढा, मागच्या दाराने टाका कुठेतरी! त्याने पाहिला तर आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पंचेचाळिसावं व्हायचं नाही!"

रॉडनीने बटणं सोडवायला घेतली. वरची तीन निघाली, चौथ्यात स्वेटरची लोकर अडकली. हेटीने ओढलं, स्प्रॅगने ओढलं. कोट अर्धा खाली आणि रॉडनीचा स्वेटर अर्धा वर, अशा अवस्थेत दाराची कडी वाजली. हेटीने झटक्यात कोट पुन्हा खांद्यावर सारला, आणि स्प्रॅग घंटेवर टोपी ठेवून पुन्हा खुर्चीत बसला. अँब्रोज टकवेल आत आला.

उंच, हाडकुळा, हातात छोटी बॅग, नाकावर काळा चष्मा. त्याने चष्मा काढला. डावा डोळा लालसर होता, पण असा चकाकत होता की जणू नुकताच घासून पुसून बसवलाय.

"स्प्रॅग," तो दारातूनच म्हणाला, "तुझ्या टोपीखाली माझी घंटा आहे."

"दिसते तुला?" स्प्रॅग म्हणाला.

"मला आता सगळं दिसतं. पुलावरून झेंडा दिसला. अर्ध्यावर आहे. कोण गेलं?"

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. शेवटी धर्माचं माणूस म्हणून ते काम जोसलिनबाईंवर आलं. "गैरसमज झाला होता, अँब्रोज. त्यांना आता बरं आहे."

"मग झेंडा वर घ्यायला सांगा. आणि ही सँडविच?"

"तुझं स्वागत," डिलिस म्हणाली.

अँब्रोजने मान डोलावली. आपलं स्वागत व्हायला हवंच होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्याची नजर फिरत फिरत रॉडनीवर आली आणि तिथेच थांबली. हेटीने खुर्चीची पाठ धरली.

"हे कोण?" अँब्रोजने विचारलं.

हा प्रश्न रॉडनीला दिवसभरात कुणीच विचारला नव्हता. "रॉडनी पिकरिल," तो म्हणाला. "कॉव्हेंट्री. तुमचं गाव बघायला आलोय."

अँब्रोज दोन पावलं पुढे आला. त्याने रॉडनीला खालपासून वरपर्यंत निरखलं, चौकडीन् चौकडी.

"पिकरिल, राग मानू नका," तो म्हणाला. "पण डोळा नवा आहे आणि खोटं बोलवत नाही. हा कोट तुम्हाला कुणी विकला?"

"एका दुकानात घेतला."

"फसवलं तुम्हाला! अहो, हा काय रंग आहे? कस्टर्डचं पातेलं अंगावर उलटल्यासारखा! आणि वर जांभळ्या चौकड्या! हे घालून तुम्ही भर बाजारातून आलात? कुणी हसलं नाही?"

"नाही," रॉडनी खरं तेच म्हणाला. "कुणीच हसलं नाही."

"आमच्या गावचे लोक सभ्य आहेत, म्हणून. कोट कसा असावा? माझ्यासारखा. साधा तपकिरी. अंगावर आहे की नाही हे कुणाला कळू नये. हेटी, मंगळवारी टॅक्सीत नको म्हणून ठेवून गेलो तो माझा कुठे आहे गं? ह्यांना दाखवू."

हेटी टेबलावरच्या किटलीतून घाईघाईने चहा ओतू लागली. स्प्रॅग, डिलिस आणि पाद्रीबाई तिघंही त्या कोटाकडे बघत होते. बारा वर्षं हा माणूस तो घालून गावभर हिंडला, तो मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसणारा 'साधा तपकिरी' म्हणून! आणि गावातल्या एकानेही कधी तोंड उघडलं नव्हतं.

"काळं बटण मात्र माझ्याही कोटाला आहे," अँब्रोज अचानक म्हणाला आणि किंचित पुढे वाकला. "गंमतच आहे. थांबा जरा. डॉक्टर म्हणाले, एकदा नव्या डोळ्याने बघा, एकदा जुन्या..." आणि नवा डोळा झाकायला त्याने डावा हात वर नेला.

हेटीने त्या हातात चहाचा भरलेला कप दिला. "गरम आहे. सांडशील," ती म्हणाली.

अँब्रोजने बॅग खाली ठेवली आणि उजवा हात उचलला. तेव्हा स्प्रॅग उठला. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती घंटा त्याच्या हाती लागली होती, तीही सारी मिळून दीड तास, आणि चार वाजायला अजून अवकाश होता. त्याने एकदा हेटीकडे पाहिलं. मग त्याने घंटा अँब्रोजच्या उजव्या हातात ठेवली आणि त्याची बोटं तिच्या मुठीवर दाबली.

"घे," तो म्हणाला. "धूळ बसली होती, पुसायला काढली होती. चारला तूच वाजव. तुझ्यासारखी कुणाला जमत नाही."

"हे आत्ता कळलं तुला?" अँब्रोज खूश होऊन म्हणाला. एका हातात कप, एका हातात घंटा घेऊन तो आरामखुर्चीत बसला आणि डोळ्याच्या ऑपरेशनची हकिगत पहिल्यापासून सांगू लागला.

हेटीने रॉडनीला दारापर्यंत नेलं. जाता जाता डिलिसने त्याच्या हातात आठ सँडविच कोंबली.

"कोट ठेवून जाऊ का?" रॉडनीने कुजबुजत विचारलं.

"देवाशपथ नको!" हेटी म्हणाली. "तुमच्याच अंगावर शोभतो. फक्त एक कराल? जूनपर्यंत या गावात येऊ नका. जूनमध्ये दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते झालं की खुशाल या, जेवायलाच या."

रॉडनी फाटकाबाहेर पडला. नदीवरून वारा सुटला होता. त्याने कोटाची कॉलर वर केली आणि का कोण जाणे, सहज मागे वळून पाहिलं.

अँब्रोज खिडकीत उभा होता. त्याने कप कुठेतरी ठेवून दिला होता आणि मोकळ्या तळव्याने डावा, नवा डोळा झाकला होता. जुन्या डोळ्याने तो रॉडनीच्या कोटाकडे बघत होता. त्याचं तोंड हळूहळू उघडलं. रॉडनी जागच्या जागी थिजला. पळावं की परत जावं, त्याला समजेना.

मग अँब्रोजने हात सरकवून उजवा, जुना डोळा झाकला आणि नव्या डोळ्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खोलीत परतलेली हेटी काहीतरी विचारत असावी, कारण त्याने मागे वळून तिला मानेनेच 'काही नाही' म्हटलं. आणि तो पुढे झाला, घंटा काखेत धरली, आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.